फिरते सिनेमा-वस्तू प्रदर्शन पाहण्याजोगे आहे की नाही, हे तिकिटाआधी कसे ठरवावे

चित्रपटांत वापरलेली शस्त्रे, मुखवटे, पोशाख आणि वाहने घेऊन शहरोशहरी फिरणारे एखादे प्रदर्शन कोल्हापूरला, हुबळीला किंवा पणजीला येणार अशी जाहिरात मोबाइलवर झळकली, की महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी मुले हट्ट धरतात, मग कोणीतरी सवलत संपण्यापूर्वी चार तिकिटे काढतो, मग गाडीची व्यवस्था होते, आणि प्रदर्शनात नेमके काय मांडले आहे याची चौकशी आदल्या रात्री होते. तोवर पैसे गेलेले असतात. हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. पहिल्या तीन टप्प्यांना घरबसल्या तासभर लागतो आणि तिसऱ्या टप्प्यापर्यंत अनेक प्रदर्शने आपोआप बाद होतात.

## १. जाहिरातीतील शब्द सुटे करून वाचावेत

जाहिरातीतील चित्राकडे पाहू नये, कारण ते चित्र बहुधा चित्रपटातील असते, प्रदर्शनातील नसते. कागद घ्यावा आणि जाहिरातीत वस्तूंसाठी कोणते विशेषण वापरले आहे तेवढेच लिहून काढावे.

‘चित्रीकरणात वापरलेली’ म्हणजे ती वस्तू कॅमेऱ्यासमोर आली असल्याचा दावा आहे. ‘निर्मितीसाठी बनवलेली’ म्हणजे ती त्या चित्रपटाच्या कारखान्यात तयार झाली, पण पडद्यावर आलीच असेल असे नाही. ‘अधिकृत प्रतिकृती’ म्हणजे हक्कदाराच्या परवानगीने नंतर बनवलेली नक्कल. ‘प्रेरित’ आणि ‘वर आधारित’ या शब्दांना काहीही बंधन नसते. ज्या जाहिरातीत ‘अनुभव’ हा शब्द मोठा आणि ‘वस्तू’ हा शब्द बारीक आहे किंवा मुळीच नाही, तेथे पडदे, दिवे आणि फोटो काढण्याच्या जागा यांचाच भरणा असेल असे धरून चालावे.

आकड्याचेही तसेच आहे. ‘शेकडो वस्तू’ असे छापलेले असते, तेव्हा त्या शेकड्यात छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि मागाहून छापलेली रेखाटनेही मोजलेली असू शकतात. वस्तूंचा आकडा आणि चित्रांचा आकडा वेगवेगळा दिला नसेल, तर त्या आकड्याला निर्णयात स्थान देऊ नये.

तपासणी : चित्रपटाचे हक्क असलेल्या निर्मितीसंस्थेचे नाव जाहिरातीच्या तळाशी स्पष्ट आहे का? नसेल, तर प्रदर्शन बेकायदा आहे असे म्हणण्याचे कारण नाही, परंतु त्यात मूळ वस्तू असण्याची शक्यता फार कमी होते. पुढचे टप्पे त्याच अपेक्षेने पार पाडावेत.

## २. वस्तू कोणत्या प्रतीच्या आहेत हे विचारून घ्यावे

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात, कारण ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ एवढे दोनच प्रकार असतात असा आपला समज असतो. चित्रपटाच्या कामात तसे नसते. नायकाची एक तलवार म्हणून पडद्यावर जी दिसते, तिच्या प्रत्यक्षात अनेक प्रती असतात. जवळच्या दृश्यासाठी धातूची, कोरीव काम केलेली प्रत असते. तिला त्या धंद्यात हीरो प्रॉप म्हणतात. मारामारीसाठी तीच तलवार रबराची किंवा हलक्या फायबरची करतात, कारण खरी तलवार लागली तर माणूस जखमी होतो. तिसरी, मागच्या फळीतील सैनिकांच्या हातांत देण्यासाठी, एकाच साच्यातून डझनांनी काढलेली असते आणि तिच्यावर रंगाचा जेमतेम हात मारलेला असतो. या तिन्ही वस्तू ‘चित्रीकरणात वापरलेल्या’ असतात आणि तिन्हींवर तसे लिहिले तर ते खोटे ठरत नाही, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

बेळगावकरांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी ज्याने ढाली रंगवल्या आहेत, किंवा गणपतीच्या कारखान्यात एका साच्यातून किती मूर्ती निघतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला एकाच वस्तूच्या अनेक प्रती ही कल्पना घरचीच आहे.

अतिप्रसिद्ध वस्तूही याला अपवाद नाहीत. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातील माणकासारख्या लाल बुटांचे आज चार जोड ज्ञात आहेत. त्यांतील एक जोड अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका संग्रहालयातून २००५ साली चोरीस गेला आणि २०१८ साली सापडला. ओळख पटवण्यासाठी तो स्मिथसोनियन संग्रहालयातील जोडाशेजारी ठेवून तपासला, तेव्हा दोन्ही जोडांतील एकेक बूट परस्परांत बदलला गेला असल्याचे आढळले. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला तो जोड लिलावात शुल्कासह सुमारे ३.२५ कोटी डॉलरला विकला गेला. म्हणून ‘ती वस्तू येथे आहे का’ असे न विचारता ‘तिची कोणती प्रत येथे आहे’ असे विचारावे.

आयोजकांना संदेशाने विचारण्याचे प्रश्न चारच आहेत आणि ते याच क्रमाने विचारावेत. एकूण त्रिमितीय वस्तू किती आहेत? त्यांतील चित्रीकरणात वापरलेल्या किती? प्रत्येक वस्तूपुढील पाटीवर ती कोणत्या प्रतीची आहे हे लिहिलेले आहे का? आणि जाहिरातीत दाखवलेली मुख्य वस्तू आपल्या शहरातील मुक्कामात खरोखर असणार आहे का? शेवटचा प्रश्न अवश्य विचारावा, कारण फिरत्या प्रदर्शनांतील काही वस्तू उसन्या आणलेल्या असतात आणि करार संपला की त्या मधल्याच एखाद्या शहरातून परत जातात. जाहिरात मात्र तीच राहते.

उत्तर काय आले यापेक्षा ते कसे आले हे अधिक बोलके असते. ज्याच्याकडे मूळ वस्तू असतात, तो त्यांची संख्या अभिमानाने आणि नेमकी सांगतो. ‘या आणि स्वतः बघा, सर, एकदम जबरदस्त आहे’ असे उत्तर आले, तर मूळ वस्तूंचा रकाना शून्य धरावा.

सावधान : उत्तर लेखीच घ्यावे. फोनवर तिकीटविक्रेत्याने दिलेल्या आश्वासनाचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

येथे माझे मत नोंदवतो. प्रतिकृतींचे प्रदर्शन वाईट असते असे मी मानत नाही. चांगली प्रतिकृती हात लावून पाहता येते, लहान मुलांना तिचाच आनंद अधिक होतो, आणि पोशाखाचे शिवणकाम किंवा मुखवट्याचे ओतकाम समजून घ्यायचे असेल तर काचेआडच्या मूळ वस्तूपेक्षा ती कधीकधी सरस ठरते. आक्षेप एवढाच आहे की प्रतिकृतीसाठी प्रतिकृतीचीच किंमत मोजावी.

## ३. आधीच्या शहरांतील माग काढावा

फिरते प्रदर्शन आपल्याकडे येण्यापूर्वी कोठेतरी लागलेले असते, आणि हाच आपला सर्वांत मोठा फायदा आहे. मागच्या शहराचे नाव आणि प्रदर्शनाचे नाव एकत्र टाकून यूट्यूबवर शोधावे आणि न कापलेली, सलग चालत काढलेली चित्रफीत मिळते का ते पाहावे. रील पाहून निर्णय करू नये. ३० सेकंदांत कोणतीही जागा भव्य दिसते, आणि उद्घाटनाच्या दिवशी बोलावलेल्या पाहुण्यांच्या रील तर अधिकच. सलग चित्रफीत मिळाली, की माणूस न थांबता चालत प्रवेशापासून भेटवस्तूंच्या दुकानापर्यंत किती मिनिटांत पोहोचतो ते घड्याळ लावून मोजावे. माझ्या अनुभवात थांबत, वाचत पाहायला त्याच्या अडीच ते तीन पट वेळ लागतो. सलग चाल आठ मिनिटांची असेल, तर संपूर्ण प्रदर्शन २०-२५ मिनिटांचे आहे, जाहिरातीत दीड तास लिहिलेला असला तरीही.

अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा हे दोन्ही टोकांचे अभिप्राय बाजूला ठेवावेत. तीन तारे देणारा माणूस बहुधा पाहिलेल्या गोष्टी मोजून सांगतो.

यानंतर जागेची तुलना करावी. मुंबई-बेंगळुरूत दोन दालनांत पसरलेले प्रदर्शन आपल्या भागात एका मंगल कार्यालयात किंवा मॉलच्या मोकळ्या भागात बसवले जात असेल, तर काहीतरी गाळले गेले आहे हे उघड आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हा टप्पा गाळला. मोठ्या शहरातील चित्रफीत पाहून दोन तासांचा प्रवास केला आणि एका मॉलमध्ये सात पुतळे, एक मोटारसायकल आणि भिंतभर फ्लेक्स पाहून परतलो. पुतळ्यांपैकी दोघांच्या अंगातील कपड्यांना दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

तपासणी : कपडे, कागद किंवा फोम-रबराचे मुखवटे असलेले मूळ प्रदर्शन मैदानावरच्या मंडपात लागणार असेल, तर शंका घ्यावी. उष्णता, दमटपणा आणि उजेड यांनी अशा वस्तू खराब होतात. संग्रहालयांत जुन्या कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू देत नाहीत. वर उल्लेखलेल्या बुटांवरच्या टिकल्या जिलेटिनच्या होत्या. अशी वस्तू जून-जुलैच्या बेळगावच्या पावसात जर्मन हँगरखाली, म्हणजे लोखंडी-अॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या तात्पुरत्या मंडपात, कोणी ठेवणार नाही. ठेवली असेल, तर ती मूळ नाही.

## ४. पूर्ण खर्च मांडावा, फक्त तिकिटाचा नव्हे

तिकिटाचा दर हा खर्चाचा निम्माही भाग नसतो, हे चौघांच्या एका कल्पित हिशोबावरून दिसेल. बेळगावहून कोल्हापूर एकेरी सुमारे ११० किलोमीटर आहे. तिकीट माणशी ६०० रुपये धरले तर २,४००, ऑनलाइन आरक्षणाचे शुल्क आणि कर मिळून २५०, जाऊन-येऊन इंधन १,१००, हत्तरगी आणि कोगनोळी येथील टोल व पार्किंग मिळून ४००, बाहेरचे जेवण १,०००, आणि आत गेल्यावर मुलांच्या हट्टाने काढलेला हिरव्या पडद्यासमोरचा फोटो ३००. बेरीज ५,४५० होते, म्हणजे माणशी सुमारे १,३६० रुपये. यांतील प्रत्येक आकडा आपल्या घराप्रमाणे बदलावा, पण एकही रकाना गाळू नये. फोटोचा तर मुळीच नाही.

पैशांनंतर वेळ मांडावा. माझा नियम असा आहे की प्रत्यक्ष पाहण्याचा वेळ प्रवासाच्या वेळेच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतका असावा. कोल्हापूरला जाऊन-येऊन साडेचार तास लागत असतील, तर प्रदर्शन खरोखर दीड तासाचे असले पाहिजे. तसे नसेल, तर त्या शहरात दुसरे काही काम काढावे किंवा बेत सोडावा.

हाच हिशोब गावागणिक बदलतो आणि म्हणून बेळगावच्या मित्राचा निर्णय उचलून निपाणीकराने अमलात आणू नये. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा तेथील अर्ध्या तासाचे प्रदर्शनही निपाणीकराला परवडू शकते. खानापूरकराला तेच प्रदर्शन बेळगावकरापेक्षाही महाग पडते. भालकी आणि बिदरच्या वाचकांनी कोल्हापूरचा विचारच करू नये. त्यांना हैदराबाद जवळ आहे आणि मोठी प्रदर्शने तेथे येण्याची शक्यताही अधिक असते. हुबळीला जायचे असेल आणि घरात स्त्रिया अधिक असतील, तर कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्यांतर्गत साध्या बसचा प्रवास २०२३ पासून मोफत आहे, हे हिशोबात धरावे. मोटारीपेक्षा बस बरीच स्वस्त पडते.

सावधान : ‘चार तिकिटांवर एक मोफत’ या सवलतीत तारीख आणि वेळ बदलता येते का, हे आधी पाहावे. न बदलता येणारे तिकीट स्वस्त नसते.

## ५. पर्यायाशी तुलना करावी

हा टप्पा लोक गाळतात, कारण फिरते प्रदर्शन थोड्याच दिवसांचे असते आणि घाई होते. ठरलेला आकडा हातात घेऊन एवढेच पाहावे, की तेवढ्याच पैशांत किंवा थोडे अधिक घालून कायमच्या ठिकाणी काय मिळते. मुंबईत पेडर रोडवर राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय आहे. ते २०१९ साली सुरू झाले आणि तेथील प्रवेशशुल्क नाममात्र आहे. पुण्यात चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागी, प्रभातच्या काळातील यंत्रे, वस्तू आणि पोशाख जपलेले आहेत. जाण्यापूर्वी तेथील वेळ विचारून घ्यावी. हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटीत ‘बाहुबली’चा उभारलेला सेट पाहता येतो. पुण्या-मुंबईला लग्नाकार्यासाठी जाणे ठरलेलेच असेल, तर चित्रपटाच्या जुन्या वस्तूंची खरी आवड असणाऱ्याने आधी तेथे जावे, असे मी सुचवेन. एखाद्या विशिष्ट परदेशी चित्रपटमालिकेच्या प्रेमात असलेल्या मुलाला मात्र हा पर्याय दाखवण्यात अर्थ नाही.

## ६. पाटीची भाषा आणि दिवस ठरवावा

प्रदर्शनाचा निम्मा आनंद पाट्यांत असतो आणि सीमाभागात पाट्यांची भाषा हा वेगळाच प्रश्न आहे. हुबळीत माहिती कन्नड आणि इंग्रजीत असेल, पणजीत बहुधा इंग्रजीत, कोल्हापुरात मराठी असेलच असेही नाही. मराठी माध्यमात शिकणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन जायचे असेल, तर कोणीतरी वाचून सांगणारा बरोबर हवा आणि त्या माणसाने आदल्या दिवशी तो चित्रपट पाहिलेला हवा. कानाला लावायचे निवेदनयंत्र मिळत असेल, तर त्यातील भाषा विचारावी आणि त्याचे भाडे चौथ्या टप्प्यातील हिशोबात मिळवावे.

दिवस निवडताना पहिला रविवार टाळावा, कारण गर्दीत काचेपुढे थांबता येत नाही. शेवटचा आठवडाही टाळावा. तोवर फिरणारी यंत्रे बंद पडलेली असतात आणि दुरुस्त करण्यात कोणाला रस नसतो. दुसऱ्या आठवड्यातील मंगळवार किंवा बुधवारी सकाळची पहिली वेळ सर्वांत चांगली. गोव्याला जायचे असेल तर पावसाळ्यात चोर्ला घाटाची स्थिती त्याच दिवशी सकाळी विचारावी. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातील काळ्या दिनाच्या आसपास, तसेच डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते त्या काळात, आंतरराज्य बस बंद होणे किंवा मार्गात अडकणे आपल्याकडे नवे नाही. त्या तारखांची न बदलणारी तिकिटे काढू नयेत.

## ७. निर्णय करावा

आता लिहून काढलेले सर्व समोर ठेवावे. मूळ वस्तूंची नेमकी संख्या लेखी मिळाली असेल आणि वेळेचा हिस्सा जुळत असेल, तर जावे. सर्व प्रतिकृती असतील, पण मुलांना हात लावून पाहता येणार असेल आणि अंतर तासाभराचे असेल, तरी जावे. दोन प्रश्नांची उत्तरे मिळालीच नाहीत, तर प्रदर्शन सुरू होऊन चार दिवस होऊ द्यावेत आणि स्थानिक लोकांचे अभिप्राय वाचून मग ठरवावे. सवलत तोवर संपते हे खरे, पण अशी सवलत बहुधा पुन्हा लागते.

चित्रकला किंवा नेपथ्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा हिशोब लागू करू नये. त्याने एका चांगल्या हीरो प्रॉपसाठीही जावे, आणि एकट्याने जावे.

## ८. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटे

प्रवेश करताच पहिल्या काचेपुढे थांबू नये. आधी न थांबता शेवटपर्यंत चालत जावे, प्रदर्शनाचा आवाका आणि मुख्य वस्तूची जागा पाहून घ्यावी आणि मग परत येऊन निवांत पाहावे. सुरुवातीच्या छायाचित्रांपुढे वेळ घालवून शेवटी खऱ्या वस्तूंजवळ पोहोचेपर्यंत मुले कंटाळतात, ही नेहमीची चूक आहे. परत फिरण्याची परवानगी नसते अशीही काही प्रदर्शने असतात. म्हणून हे दारावरच विचारून घ्यावे.

वस्तू पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूळ वस्तू अनेकदा निराश करणारी दिसते. कॅमेऱ्याला दिसणारी बाजू रंगवलेली असते आणि मागे उघडे प्लायवूड, चिकटपट्टी आणि खिळे असतात. पोशाखाच्या अस्तरावर नटाचे नाव किंवा दृश्याचा क्रमांक लिहिलेला सापडतो, कोपर आणि गुडघ्याशी कापड घासलेले असते. चहूबाजूंनी सारखीच चकाकणारी, एकही ओरखडा नसलेली वस्तू बहुधा प्रतिकृती असते. म्हणून काचेच्या मागच्या बाजूला जाता येत असेल तर अवश्य जावे. अंधुक उजेडाबद्दल तक्रार करू नये आणि फ्लॅश वापरू नये.

‘मूळ’ म्हणून जाहिरात केलेल्या वस्तूपुढील पाटीवर ‘प्रतिकृती’ असे लिहिलेले आढळले, किंवा मुख्य वस्तूच नसली, तर तेथेच वाद घालून दिवस वाया घालवू नये. पाटीचा आणि रिकाम्या जागेचा फोटो काढावा, तिकीट, जाहिरात आणि दुसऱ्या टप्प्यात मिळालेले लेखी उत्तर एकत्र ठेवावे आणि आयोजकाला लेखी परतावा मागावा. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागता येते. त्यामुळे प्रदर्शन कोल्हापुरात किंवा पणजीत पाहिलेले असले, तरी बेळगावच्या रहिवाशाला तक्रारीसाठी राज्याची सीमा ओलांडावी लागत नाही.